समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

वेळ घेण्याआधी जायचं कोणाकडे हे ठरवा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. समुपदेशक औषधं देऊ शकत नाहीत. ते बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची (मानसिक आजारांवर गोळ्यांशिवाय उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. थोड्या दिवसांचा कोर्स करून समुपदेशकाची पाटी लावणारेही आहेत, म्हणून शिक्षण, अनुभव, फी आणि ऐनवेळी भेट रद्द केली तर पैसे लागतात का, हे फोनवरच विचारा. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा भास होत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र आणि मोफत. धोका अगदी समोर असेल तर सोबत कोणाला तरी घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

भेट साधारण 45 ते 60 मिनिटांची असते. पहिल्या भेटीतला बराच वेळ माहिती घेण्यात जातो: आजार, चालू गोळ्या, झोप, व्यसन, घरात कोण कोण, याआधी उपचार घेतले होते का. गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. आत्ता सगळ्यात जास्त काय छळतंय ते दोन ओळींत लिहून न्या. ‘टेन्शन आहे’ यातून फारसं कळत नाही. ‘रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, सोमवारी ऑफिसला निघताना रडू येतं’ यातून खूप कळतं. सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसायला सांगण्यात गैर काहीच नाही.

तुमचं बोलणं नवऱ्याला, सासूला किंवा आईवडिलांना परस्पर सांगितलं जात नाही. याला मोजके अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं असेल (पॉक्सो कायदा, 2012 नुसार ते कळवावंच लागतं). हे पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं नाही, तर तुम्ही विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर बरेच जण येणं सोडतात. ‘नुसतं ऐकून घेतात, काय करायचं ते सांगतच नाहीत’ ही नेहमीची तक्रार. नोकरी सोडू का, वेगळं राहू का, याचं उत्तर समुपदेशक मुद्दामच देत नाहीत. निर्णयाचे परिणाम तुम्हाला भोगायचे असतात, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेला निर्णय घरच्यांनी पहिला दाब टाकताच कोसळतो. तरी पुढची दिशा दिसत नसेल तर तसं तोंडावर सांगा. ‘आपण नक्की कशावर काम करतोय?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काम कसं चालतं याचा एक नमुना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिच्यात वहीवर तीन रकाने आखतात: घटना, विचार, परिणाम. साहेबांनी सगळ्यांसमोर चूक दाखवली, ही घटना. रात्रभर झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी दांडी, हा परिणाम. मधला रकाना भरताना लोक अडतात आणि तिथे ‘वाईट वाटलं’ असं लिहून टाकतात. पण ती भावना झाली. त्या क्षणी मनात कोणतं वाक्य होतं ते आठवा: ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली म्हणजे मी नालायकच.’ पुढच्या भेटीत याच वाक्याची उलटतपासणी होते. दिवसाला एकच नोंद करा, पण त्याच दिवशी. आठवड्याचं सगळं भेटीच्या आदल्या रात्री लिहिलं तर हे वाक्य निसटलेलं असतं. गृहपाठ झाला नसेल तर तसं सांगा. का झाला नाही, यातूनही धागा सापडतो.

नेमक्या अडचणीसाठी आठवड्याला एक अशा सहा ते बारा भेटी बऱ्याचदा पुरतात. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा बालपणीचे अत्याचार यांना जास्त वेळ लागतो. चौथ्या भेटीच्या सुमारास काय बदललं याचा आढावा मागा. भेटीनंतर एखादा दिवस जड जाऊ शकतो, म्हणून लगेच महत्त्वाचं काम ठेवू नका. दोन-तीन आठवडे त्रास वाढतच गेला, तर मात्र पद्धत किंवा माणूस बदलायची वेळ आली आहे.

ऑनलाइन बोलायचं आणि घर लहान असेल, तर हेडफोन लावून उभ्या गाडीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर बसा. भिंतीपलीकडे कोणी ऐकतंय या धास्तीने माणूस नेमकं तेच बोलायचं टाळतो.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला लावणारे, ग्रहांचे खडे किंवा ग्रहशांत सुचवणारे, वीस भेटींचे पैसे आगाऊ मागणारे, इतरांची प्रकरणं नावानिशी सांगणारे किंवा मैत्रीपलीकडची जवळीक साधू पाहणारे समुपदेशक ताबडतोब सोडा. नुसतंच जुळत नसेल, तर तसं सांगून दुसरं नाव मागा आणि आतापर्यंतच्या कामाचा एक पानी सारांश लिहून घ्या; नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.