गल्लीचा पूर-गट कसा उभा करावा

सांगलीत पुराचं पाणी सगळीकडे एकाच वेळी येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. सखल प्लॉटांत इशारा पातळीच्या आसपासच धावपळ सुरू होते, तर उंचावरच्या गल्ल्यांना २०१९ सारखी ५७ फुटांची पातळी आली तेव्हाच पाणी दिसलं. म्हणून गट अख्ख्या वॉर्डाचा नको, २५-३० घरांचा करा.

मे अखेर घरटी फिरून यादी करा: माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोणी, डायलिसिस किंवा इन्सुलिन कोणाला, जनावरं, गाडी, वरचा मजला कोणाचा मोकळा. भाडेकरू हमखास सुटतात. घरमालकाला नाही, त्यांनाच विचारा.

मग खरं काम: आपल्या गल्लीचा आकडा. आयर्विनला किती फूट झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, किती फुटांना पहिल्या उंबऱ्याला लागलं, हे जुन्या रहिवाशांना विचारून विजेच्या खांबावर ऑइलपेंटने लिहा. सामान हलवायला त्या आकड्याच्या तीन फूट आधीच सुरुवात करा. फ्रिज, कपाट वर चढवायला चार माणसं लागतात आणि ऐन वेळी ती मिळत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गट काढा. सूचनांच्या गटात फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा, अ‍ॅडमिन तीन. गप्पा, सुप्रभात, वाढदिवस दुसरीकडे. एकच गट असला की लोक तो म्यूट करतात आणि नेमकी पातळीची सूचना वाचायची राहते. प्रत्येक सूचनेत वेळ आणि आकडा हवाच: ‘सकाळी ७, आयर्विन ३६ फूट, चढती.’

अफवा बहुतेक एकाच गोंधळातून उठते. कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे ‘दहा फुटांवर’ म्हणजे दरवाजे तेवढे उचलले; नदी दहा फूट चढणार असं नव्हे. धरणातून सुटणारा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असा वाचा. आणि एकट्या कोयनेवर विसंबू नका: हरिपूरला वारणा मिळते, तिला पूर असला की कृष्णेचं पाणी तुंबतं.

पुरात वीज बंद करतात, मोबाइल मरतात. यादी आणि नंबर (११२, १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७) कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीन घरांत ठेवा.

पाणी ओसरल्यावर गाळ काढण्याआधी भिंतीवरच्या खुणेला टेप लावून फोटो काढा. पंचनाम्याला तोच दाखवता येतो.