संत्र्याला पाणी मापून दिलं तेव्हा
मोर्शी तालुक्यातली आमची संत्र्याची बाग. मे महिन्यात ठिबक सहा तास चालवायचो, तरी पानं मलूल अन् बुडाशी डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. बाबा म्हणायचे, "पाणी कमी पडून राहिलं." होतं उलटंच. काळ्या जमिनीत मुळं गुदमरत होती.

वेल्डरकडून 120.7 सेंमी व्यासाचं, साधारण 25 सेंमी खोल बाष्पन पात्र, म्हणजे रोज किती पाणी उडून जातं ते मोजायचं भांडं, करून घेतलं. रोज सकाळी पाण्याची घट मोजायची. एका दिवशी 10 मिमी भरली. गुणिले पात्र गुणांक 0.7 (पात्रातलं पाणी शेतापेक्षा जास्त उडतं म्हणून), गुणिले पीक गुणांक 0.7 (संत्र्याची गरज), म्हणजे 4.9 मिमी. झाडांत अंतर 6 × 6 मीटर, त्यातली निम्मी जागा भिजवायची, म्हणजे 18 चौरस मीटर; चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर, म्हणून झाडामागे 88 लिटर. ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे पावणेतीन तास. सहा नव्हे!

मधेच घटीचा आकडा 17 मिमीवर गेला. बकऱ्या पात्रातलं पाणी पिऊन जायच्या. जाळी बसवली, तिच्यानं बाष्पन दहा टक्क्यांपर्यंत कमी भरतं, तेही हिशेबात धरलं.

तरी शेवटच्या ओळी सुकल्याच. ड्रिपरखाली डबा ठेवून पाहिलं, तर तासाला पाचच लिटर. क्षारानं चोंदले होते. आम्ल प्रक्रिया केल्यावर आठवर आले. खरं तर हेच सगळ्यात आधी मोजायला पाहिजे होतं. डिंक्याची जागा खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. बाबा अजूनही रात्री गुपचूप कॉक उघडतात.