अभियांत्रिकीचा खर्च : कर्जाआधी सवलत तपासा

अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा ठरला की बरीच कुटुंबे आधी बँकेत चौकशी करतात आणि शिष्यवृत्तीकडे नंतर वळतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

महाराष्ट्रातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च वेगळा धरावा लागतो. पसंतीक्रम भरण्यापूर्वीच या सर्व बाबींची चार वर्षांची बेरीज करावी. कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

त्यानंतर सवलतीकडे वळावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर हा हक्क जातो, आणि नेमकी हीच गोष्ट अनेक पालकांना पैसे भरल्यावर कळते. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी भरावा लागतो. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा आणि विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे स्वतः खात्री करून घ्यावे, कारण रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते.

एवढे करूनही जी रक्कम कमी पडेल, तेवढेच कर्ज घ्यावे. साधारणपणे ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. परतफेड बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, पण व्याज कर्जाची पहिली रक्कम उचलल्यापासूनच चढू लागते. समजा, दरवर्षी सुरुवातीला दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. साध्या व्याजाने पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांत ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार आणि चौथ्यावर ३० हजार चढतात, म्हणजे पहिला मासिक हप्ता भरण्याआधीच २ लाख १० हजार रुपयांचे व्याज साचलेले असते. ते मुद्दलात मिळवले की पुढचे व्याज ८ लाख १० हजारांवर बसते. म्हणून शिक्षण चालू असतानाच जमेल तेवढे व्याज दरमहा भरत राहावे. अनेक बँका असे करणाऱ्यांना व्याजदरात थोडी सूटही देतात. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या पालकांना भरलेल्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. मात्र त्यासाठी कर्ज त्यांच्या नावावर असावे आणि व्याज त्यांनीच भरलेले असावे.