चपटे पॅनल स्पीकर अपग्रेड करताय? पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

मॅग्नेपॅन कंपनीचे किंवा तसले प्लेनर (म्हणजे चपट्या शीटचे) स्पीकर सेकंडहँड हाताला लागले की लोक पहिल्याच आठवड्यात आतल्या सर्किटसाठी महागडे कपॅसिटर शोधायला लागतात. जरा थांबा. यातला सगळ्यात मोठा अपग्रेड मेजर टेपने होतो आणि तो फुकट आहे.

कारण याला बॉक्सच नाहीये. पातळ मायलरची (प्लास्टिकची) शीट, तिच्यावर चिकटवलेल्या तारा, मागे भोकं पाडलेल्या पत्र्यावर चुंबकाच्या पट्ट्या, संपलं. त्यामुळे जेवढा आवाज पुढे जातो तेवढाच मागेही निघतो, फक्त उलट्या फेजचा (पुढे दाब तर मागे ओढ), आणि तो भिंतीवर आपटून परत येऊन पुढच्या आवाजात मिसळतो. स्पीकर भिंतीपासून 1 फुटावर असेल तर हा मागचा आवाज 2 फूट जास्त फिरून येतो आणि साधारण 565 हर्ट्झला खड्डा पडतो (तो सूर कापला जातो), म्हणजे बरोबर गाणाऱ्याच्या आवाजात. 3 फुटांवर ओढा, पहिला खड्डा 188 हर्ट्झच्या आसपास जातो आणि मागचा आवाज 5 मिलिसेकंद उशिरा पोचतो, मग कानाला तो कालवाकालव न वाटता स्टेजचा खोलपणा (वाद्यं पुढे-मागे असल्यासारखं) वाटायला लागतो. आपल्या फ्लॅटच्या हॉलमधे कायम 3 फूट सोडणं शक्य नसतं हे मान्य, पण पॅनल हलकी असतात, फरशीवर मास्किंग टेपने खुणा करा, ऐकायच्या वेळी पुढे ओढा आणि झालं की मागे ढकला. घरचेही खूश.

मागच्या भिंतीला फोम अजिबात डकवू नका, आवाज मेल्यासारखा होतो. पुस्तकांनी खच्चून भरलेलं कपाट तिथे सगळ्यात बेस्ट. बाजूच्या भिंतींवर खर्च करायची गरज कमीच, कारण डायपोलच्या (पुढे-मागे दोन्हीकडे वाजणाऱ्या अशा स्पीकरच्या) कडेला आवाज जवळपास निघतच नाही. फरशी गुळगुळीत असेल तर समोर एक जाड सतरंजी टाका, बास.

ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा भाग) दोन्ही पॅनलच्या एका उभ्या कडेला असतो, तो आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून ठरवा आणि एखादं साधं व्होकल लावून ऐका. आवाज मधोमध उभा राहिला पाहिजे. दोन्ही पॅनलचं तुमच्या खुर्चीपासूनचं अंतर दोरीने मोजा, अंदाजाने नाही.

आता एक तपासणी, जी पैसे घालायच्या आधीच करायची. जुन्या पॅनलमधे गोंद सुकून तारा मायलरवरून सुटतात, ऊन आणि दमट हवा दोन्ही त्याला वाईट. कमी आवाजात बेसचा टेस्ट टोन (एकाच सुराचा आवाज) खालून वर हळूहळू फिरवा, कुठे फरफर आली तर मागून टॉर्च मारून बघा. तार सुटलेली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती दुरुस्ती, आणि तिथे फेव्हिक्विकसारखा कडक होणारा गोंद चालत नाही, थरथरणाऱ्या शीटवर तो तडकतो.

यानंतर स्टँड. मूळ पाय म्हणजे पट्टीचे वाकवलेले तुकडे, बेस आला की अख्खं पॅनल डुलतं. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 1 इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा त्रिकोणी टेकू बनवून घ्या जो फ्रेमला वरपर्यंत मागून धरेल, खाली स्पाइक (टोकदार पाय). मूळ पायाचीच भोकं वापरा, फ्रेममधे नवीन लांब स्क्रू ठोकू नका. आणि वेल्डिंग-ग्राइंडिंग घरी स्पीकरजवळ कधीच नाही, लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की आयुष्यभर खरखर. स्क्रूड्रायव्हरही सांभाळून, चुंबक हातातून खेचून घेतो आणि मायलरला भोक पडतं.

अँपचं गणित थोडं फसवं आहे. कागदावर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला किती मोठा आवाज) 86 डेसिबल लिहिलेली असते पण ते 2.83 व्होल्टला, आणि 4 ओहमवर 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट, त्यामुळे 1 वॅटचा हिशोब 83 वरच येतो, म्हणजे दणकट अँप लागतो. स्वस्त एव्ही रिसिव्हर 4 ओहमवर तापतात आणि प्रोटेक्शनमधे जातात (स्वतःच बंद पडतात). 8 ओहमला जेवढे वॅट देतो त्याच्या जवळपास दुप्पट 4 ला देणारा अँप शोधा.

क्रॉसओव्हर आता (बेस आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट), सगळं वरचं झाल्यावर. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून त्याच व्हॅल्यूचे पॉलिप्रॉपिलिन लावा, फरक ऐकू येतो. कॉइल बदलायची असेल तर नुसती मिलीहेन्री जुळवून भागत नाही, तिचा डीसी रेझिस्टन्सही जुळला पाहिजे, नाहीतर बेस आणि ट्वीटरचा तोल बिघडतो. त्याआधी मागचे जंपर (टर्मिनल जोडणाऱ्या छोट्या धातूच्या पट्ट्या) काढून आयसोप्रोपिलने पुसा, पावसाळ्यात तिथे हिरवट थर धरतो. ट्रेबल टोचत असेल तर जंपरच्या जागी 1 ओहमचा चांगला रेझिस्टर. फ्यूज बायपास करायचा सल्ला खूप जण देतात, मी देणार नाही, दहा-वीस रुपयांचा फ्यूज ट्वीटर वाचवतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल (चुंबकाऐवजी उच्च व्होल्टेजवर चालणारे) असतील तर ही सोल्डरिंगवाली मजा विसरा. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही लगेच जात नाहीत, ते जाणकाराकडेच द्या.

छोट्या पॅनलचा बेस 50 हर्ट्झच्या आसपास संपतो, म्हणून सब (फक्त खालच्या बेसचा वेगळा स्पीकर) लागतोच, पण सील्ड (पूर्ण बंद) बॉक्सचा घ्या, पोर्टवाला (भोक असलेला) पॅनलच्या मागे रेंगाळल्यासारखा वाटतो. एका मोठ्यापेक्षा दोन छोटे बरे. सब 60 हर्ट्झच्या वर कट करून सुरुवात करा, लेव्हल वाटते त्याहून कमीच ठेवा, मापायचा माइक असेल तर आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं फुकट सॉफ्टवेअर वापरा, आणि सबवरचा फेजचा स्विच दोन्हीकडे करून जिकडे 60 च्या आसपास जास्त भरल्यासारखं वाटतं तिकडे सोडून द्या.