लांबच्या टोकाला एक रेडिओ : कार्यक्रमात एफएमवरून घोषणा करायच्या असतील तर

लोक गाड्यांत बसून कार्यक्रम बघणार असतील, किंवा मैदान लांबट असेल आणि भोंग्यांना मनाई असेल, तर छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून घोषणा करणं सोयीचं पडतं. ज्याला ऐकायचं तो ऐकतो, शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. ड्राइव्ह-इन थिएटरवाले हेच करत आले आहेत. ट्रान्समीटर, माइक, मिक्सर, केबली, चिकटपट्टी हे आणायचं कुणी विसरत नाही, म्हणून ते सोडून देतो. मला सांगायच्यात त्या हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी. त्यातली एक तर मी मध्येमध्ये पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा: मैदानाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला एक साधा रेडिओ, आणि तो सतत ऐकणारा एक माणूस. मागच्या खेपेला आमचं तेवढंच राहिलं होतं आणि बाकी सगळी तयारी पाण्यात गेली.

परवानगीचं सगळ्यात आधी बघा, कारण तिथे गाडी अडली तर पुढचं वाचून उपयोग नाही. विनापरवाना किती ताकदीचं प्रक्षेपण चालतं हे देशादेशांत वेगळं आहे, आणि जिथे चालतं तिथेही मर्यादा फार लहान असते. अमेरिकेत एफएम पट्ट्यात ३ मीटरवर मोजलेली क्षेत्रतीव्रता, म्हणजे त्या जागी लहरींचा जोर, मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टच्या आत लागते, म्हणजे साधारण ६० मीटरपर्यंत ऐकू येईल इतकंच. युरोपातल्या बऱ्याच देशांत ही मर्यादा ५० नॅनोवॉट आहे, म्हणजे एका वॉटचा दोन कोटीवा भाग. ऑनलाइन मिळणारे अर्ध्या वॉटचे, सात वॉटचे डबे या हिशेबात कुठे बसतात ते तुम्हीच बघा. वस्तू विकायला आहे म्हणजे ती चालवायची मुभा आहे, असा अर्थ होत नाही. जास्त पल्ला हवा असेल तर तात्पुरता परवाना मिळतो का ते विचारा. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही प्रसारणावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था कार्यक्रमांसाठी २८ दिवसांपर्यंतचा अल्पमुदतीचा परवाना देते. मात्र अशा अर्जांना वेळ लागतो. कार्यक्रमाच्या आठवड्यात धावपळ करून काही हाती लागत नाही. आणि मान्यताप्राप्त छोट्या ट्रान्समीटरला कुणी हौशी मित्र लांब तार जोडून देतो म्हणाला तर हात जोडा. अँटेना बदलली की त्या मान्यतेचा आधार संपला.

आता पल्ला. साठेक मीटर म्हणजे तुमच्या जागेचा किती भाग, हे नकाशावर न बघता पायी चालून बघा. ट्रान्समीटर मंचाशेजारी ठेवायची सगळ्यांना सवय असते, कारण माइक तिथे असतो. पण मंच बहुधा मैदानाच्या एका कडेला असतो, त्यामुळे अर्धा पल्ला मंचामागच्या रिकाम्या जागेत वाया जातो. आवाजाची केबल लांब ओढा आणि ट्रान्समीटर मध्यावर न्या. उंचावर बांधा, डोक्यांच्या वर, कारण माणसांचं शरीर या लहरी शोषतं. रिकाम्या मैदानात चाचणी घेतली तेव्हा सगळीकडे स्वच्छ ऐकू आलं म्हणून खूश होऊ नका. गर्दी जमली की तोच पल्ला आखडतो. लोखंडी खांब, पत्र्याचं छत, मंचाचा सांगाडा यांच्यापासून अंतर राखा. अँटेना उभी ठेवा. दोन ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर लावून पल्ला वाढवण्याची युक्ती कुणीतरी सुचवतोच. मधल्या पट्ट्यात दोघे एकमेकांना खातात आणि तिथे बसलेल्यांना धड एकही ऐकू येत नाही.

फ्रिक्वेन्सी घरी बसून ठरवायची नाही. जागेवर जा, ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच सुमारास जा, आणि ८७.५ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत सावकाश चाळा. वरच्या टोकाला फार जाऊ नका, १०८ च्या वर लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो. एक रिकामी जागा सापडली की तिच्या दोन्ही बाजूंची ०.२ मेगाहर्ट्झही ऐका. शेजारी जोरदार स्टेशन असेल तर तुमचा क्षीण आवाज त्याच्याखाली दबून जाईल. दशांशाचा आकडा विषम घ्या, ९१.३ किंवा ९५.७ असा, कारण काही रेडिओ विषम दशांशांवरच थांबतात. छोट्या सेटवर आणि गाडीतल्या रेडिओवर, दोन्हींवर तपासा. छोट्या सेटला जी जागा रिकामी वाटते तिथे गाडीची अँटेना लांबचं एखादं स्टेशन ओढून आणते.

आणि हे मैदानाच्या कडेला उभं राहून करा. एफएमची खोड अशी की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर रेडिओ त्यातला जोरकस तेवढा ऐकवतो, दुसरा जवळपास गायब करतो. त्यामुळे ट्रान्समीटरपाशी तुम्हाला फक्त तुमचाच आवाज ऐकू येणार, अगदी खणखणीत. चार पावलं पलीकडे, तुमचा सिग्नल कमजोर पडला की, दुसरंच स्टेशन तुम्हाला गिळून टाकतं. टेबलावरचा रेडिओ हे कधीच सांगणार नाही. लांबच्या टोकाचा सांगेल.

ऐकणाऱ्यांकडे रेडिओ आहे का, हा प्रश्न इतका बावळट वाटतो की कुणी विचारत नाही. फोनवर ऐकतील असं सगळे धरून चालतात. बऱ्याच फोनमध्ये एफएमची सोय नसते, आयफोनवर तर नाहीच. ज्यांत आहे त्यांना बहुधा वायरवाला हेडफोन लागतो, कारण ती वायर हीच अँटेना असते. ब्लूटूथवाल्यांना ती नसते. म्हणजे उरल्या गाड्या आणि हातातले सेट. आधीच कळवा, ‘रेडिओ आणा, सेल घालून आणा’. काही सेट तुमच्याकडे ठेवा. एवढं करूनही ज्यांच्याकडे रेडिओ नसेल त्यांच्यासाठी दुसरी सोय असलीच पाहिजे. आणीबाणीची सूचना फक्त रेडिओवर विसंबून देऊ नका. जागा रिकामी करायला सांगायचं असेल तर कर्णा, शिट्टी, माणसं, जे असेल ते वापरा.

फ्रिक्वेन्सीचा फलक प्रवेशापाशीच, गाडी थांबायच्या आधी दिसेल असा. आकडा मोठा, दशांश चिन्ह ठळक, ९५.७ चं ९५७ वाचून लोक गोंधळतात. सुईवाल्या जुन्या सेटसाठी फलकावर एक ओळ घाला: अमुक नेहमीच्या स्टेशनच्या जरा अलीकडे. सुई असलेल्या सेटवर ९२ आणि ९६ च्या खुणांमध्ये करंगळीच्या नखाएवढी जागा असते. त्यात ९५.७ शोधायला सांगणं म्हणजे काय ते एकदा स्वतः करून बघा.

आता तो रेडिओ. निवेदकाच्या कानावर हेडफोन असतो आणि तो मिक्सरला जोडलेला असतो. मिक्सरमध्ये आवाज येतोय, हिरवे दिवे नाचतायत, हेडफोनमध्ये सगळं सुरेख. या तिन्हींतल्या एकालाही ट्रान्समीटर चालू आहे की नाही याची खबर नसते. बरेच छोटे ट्रान्समीटर काही वेळ आवाज आला नाही की वीज वाचवायला आपोआप बंद होतात. पुढची घोषणा सुरू झाली की काही परत जागे होतात, काही बटण दाबल्याशिवाय होत नाहीत. पॉवर बँकेचंही तेच: ट्रान्समीटर इतकी कमी वीज ओढतो की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपते. आमचा निवेदक जीव तोडून बोलत होता आणि लोकांच्या रेडिओवर नुसती खरखर. ‘काही लागत नाहीये’ असं सांगायला एक बाई मैदान तुडवत आल्या, तेव्हा कळलं.

म्हणून पुन्हा सांगतो. एक साधा रेडिओ, भारी नको, लोकांकडे असतो तसलाच. एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. जागा: जिथे शेवटचा श्रोता बसणार तिथे, मंचाजवळ नव्हे. त्याच्याकडून निवेदकापर्यंत खूण पोचायची सोय: वॉकीटॉकी, फोन, किंवा वर केलेला हात दिसत असेल तर तोही चालेल. पहिल्या घोषणेच्या आधी त्याचा होकार येईपर्यंत निवेदकाने तोंड उघडायचं नाही. दर घोषणेनंतर होकार. ‘येतंय ना रे?’ असं मंचाजवळच्या माणसाला विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. हा माणूस चहाला गेला तर त्याच्या जागी दुसरा बसवा. सगळ्यांना हे काम क्षुल्लक वाटतं, म्हणून ते ऐनवेळी मोकळ्या सापडलेल्या पोरावर ढकललं जातं आणि ते पोर कार्यक्रम बघायला निघून जातं. यादीत नाव घाला, तास वाटून द्या.

मोकळ्या वेळात शांतता नको. वरचं आपोआप बंद होण्याचं कारण आहेच. शिवाय नवीन आलेला माणूस शांत फ्रिक्वेन्सी ओलांडून पुढे जातो, तिथे काही आहे हे त्याला कळतच नाही. छोटी ध्वनिफीत सतत फिरवत ठेवा: तुम्ही काय ऐकताय, पुढची घोषणा किती वाजता. गाणी लावायचा मोह होतो. त्यांचे हक्क कुणाचे ते बघा. प्रक्षेपण लहान असलं म्हणून माफी मिळत नाही. स्वतःचं वाजवलेलं काही असेल तर उत्तम.

आवाजाबद्दल थोडक्यात. ट्रान्समीटरवर मोनो हा पर्याय असेल तर मोनो घ्या, कमजोर सिग्नलमध्ये स्टिरिओची खरखर कितीतरी जास्त असते आणि बोलण्याला स्टिरिओ लागत नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना घरघर येते का बघा; येत असेल तर बॅटरीवर चालवा. आवाजाची पातळी फार वाढवली तर स आणि श फाटतात, फार कमी ठेवली तर लोक रेडिओ मोठा करतात आणि सोबत खरखरही मोठी होते. ती ठरवायची लांबच्या रेडिओवर ऐकून, हेडफोनवर नाही. फोनवरून ध्वनिफीत वाजवत असाल तर तो विमान मोडवर. नाहीतर कुणाचा तरी संदेश टिंग करून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल. माइकजवळ मोठ्याने लावलेला रेडिओ ठेवू नका, शिट्टी वाजेल.

घोषणा लिहून काढा. उत्स्फूर्त बोलणारे एकच गोष्ट चारदा सांगतात आणि वेळ सांगायची विसरतात. आधी कुणासाठी, मग काय, मग कुठे, मग किती वाजता, महत्त्वाचं दोनदा. गाडी हलवायला सांगताना नंबर सावकाश, एकेक अंक. हरवलेल्या मुलाचं नाव, कपडे, तो कुठे बसलाय हे रेडिओवरून सांगू नका. कोण ऐकतंय तुम्हाला माहीत नसतं, कुंपणाबाहेरच्या गाडीतही ऐकू जातं. पालकांना फक्त मदत कक्षाकडे यायला सांगा, ओळख तिथे पटवा. लोकांचे फोन नंबरही नकोत.

कार्यक्रमाच्या दिवशी लवकर जा. फ्रिक्वेन्सी पुन्हा चाळा, आधी रिकामी होती ती आज असेलच असं नाही. बदलावी लागली तर फलक बदलावे लागतील, म्हणून आकडा वेगळ्या कागदावर चिकटवलेला बरा. केबली लोकांच्या पायाखालून जाणार नाहीत हे बघा. ट्रान्समीटरवर पाऊस पडणार नाही असं काहीतरी झाकण. सुटे सेल, सुटी केबल. लांबचा रेडिओ जागेवर पोचलाय का? माणूस आहे का? त्याचा होकार आला का? मग सुरू करा.

गर्दी भरल्यावर एकदा ट्रान्समीटर ते कुंपण असं चक्कर मारा, हातात रेडिओ घेऊन. जिथे तुटतं तिथल्या लोकांना पुढे बसवा किंवा ट्रान्समीटर हलवा.

संपल्यावर शेवटची घोषणा करून ट्रान्समीटर लगेच बंद करा, परवान्यात वेळ दिलेली असेल तर तिच्या आत. फलक उतरवा. उसने रेडिओ मोजून परत घ्या, सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत फुटून सेट खराब होतात.