स्किफच्या कामात या चुका टाळा: 'ओपन स्टोरेज' म्हणजे उघडी रॅक नव्हे

इथे व्हर्जिनियात आपल्याकडची बरीच मुलं कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत, सिटिझनशिप झाली की असली कामं हाताला लागायला लागतात आणि मग फोन येतो, "दादा, पहिलंच स्किफ आलंय, काय बघू?" मी दरवेळी सांगतो, आधी शब्द बघ. ऐकतंय कोण. सगळ्यांना थेट ड्रॉइंग उघडून भिंती मोजायला बसायचं असतं.

स्किफ म्हणजे सेन्सिटिव्ह कम्पार्टमेंटेड इन्फर्मेशन फॅसिलिटी, अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांची सगळ्यात नाजूक माहिती जिथे वाचतात, बोलतात, ठेवतात ती जागा. नियम आयसीडी ७०५ चे (इंटेलिजन्स कम्युनिटी डायरेक्टिव्ह, म्हणजे गुप्तचर खात्यांचा आदेश), २०१० पासून. त्याआधी डीसीआयडी ६/९ हा जुना आदेश होता, आणि अजूनही काही महाभाग जुन्या ड्रॉइंगमधल्या नोट्स कॉपी-पेस्ट करून ६/९ लिहून पाठवतात, ते बघितलं की पुढचं वाचायची इच्छाच जाते. यातलं टेक स्पेक, म्हणजे कसं बांधायचं त्याचं तांत्रिक पुस्तक, गुप्त नाहीये बरं का, कोणालाही डाउनलोड करून वाचता येतं. पण पानं खूप आहेत ना, मग यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आणि कोट, म्हणजे कामाचा भाव, टाकायचा.

आता माझी लाडकी चूक. ओपन स्टोरेज आणि क्लोज्ड स्टोरेज. स्किफमध्ये क्लोज्ड स्टोरेज म्हणजे खोलीत कोणी नसताना सगळे कागद जीएसए-मान्य (जीएसए हे अमेरिकेचं सरकारी खातं) तिजोरीत बंद. ओपन स्टोरेज म्हणजे कागद टेबलावर तसेच राहिले तरी चालतील, कारण ती खोलीच तिजोरी. म्हणजे 'ओपन' ऐकायला सैल वाटतं पण भिंत जास्त तगडी लागते, अलार्म वाजला तर माणसं जास्त लवकर पोचायला लागतात (क्लोज्डला १५ मिनिटं, ओपनला ५). आणि यात अजून एक पाचर आहे, सिक्युरिटी इन डेप्थ, म्हणजे खोलीच्या बाहेर आधीच कुंपण, गार्ड, पास असे थर आहेत का. ते असतील तर ओपन स्टोरेजलाही टेक स्पेकमधली साधी भिंत, वॉल ए, चालते. नसतील तर वॉल बी किंवा सी, म्हणजे ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डाच्या) आत एक्सपांडेड मेटलची जाळी नाहीतर प्लायवूड.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक एस्टिमेटर, म्हणजे खर्चाचा अंदाज काढणारा, होता, हुशार पण घाईचा. काम एका साध्या ऑफिस बिल्डिंगमध्ये, खाली डेंटिस्ट, वर एक अकाउंटंट, म्हणजे सिक्युरिटी इन डेप्थच्या नावाने शंख. त्याच मजल्यावर क्लायंटची एक जुनी खोली होती, सिक्रेट लेव्हलची, तिच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं 'क्लोज्ड एरिया'. नव्या खोलीवर 'ओपन स्टोरेज'. पठ्ठ्याने हिशोब केला, क्लोज्ड म्हणजे कडक, ओपन म्हणजे ढिलं, जुन्या खोलीची भिंत साधी आहे तर नव्या खोलीला ती भरपूरच झाली. जाळी कुठेच धरली नाही. आणि मजा अशी की सिक्रेट लेव्हलच्या कंत्राटदारांचे नियम वेगळे, निस्पॉम, आणि त्यातला जुना 'क्लोज्ड एरिया' म्हणजेच २०२१ पासूनच्या नव्या नियमातला 'ओपन स्टोरेज एरिया'! एकाच प्रकारची खोली, नावं एकदम उलटी. त्याला हे सांगणार कोण, त्याने विचारलंच नाही.

भिंती झाल्या, टेपिंग झालं, रंगाचा पहिला हात झाला. मग साइट सिक्युरिटी मॅनेजर आला, एसएसएम, शांत माणूस. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, थोडं पुढे जाऊन परत टकटक, आणि विचारलं, जाळी कुठाय? कोणी काही बोलेना. नंतरचे तीन आठवडे आम्ही आपल्याच हाताने लावलेला ड्रायवॉल फोडत होतो, आणि खालच्या डेंटिस्टकडून रोज आवाजाची तक्रार.

तेव्हापासून माझी सवय, कुठलंही काम आलं की ड्रॉइंगच्या प्रिंटवर प्रत्येक असल्या शब्दाशेजारी लाल पेनाने लिहितो की हा शब्द कुठल्या नियमातला. ७०५ की निस्पॉम. शंका आली की एसएसएमला फोन, तो अक्रेडिटिंग ऑफिशियलला, म्हणजे जागेला मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारतो. लोक हसतात, हसू देत. आणि भिंत बंद व्हायच्या आधी एसएसएमची परवानगी काढून फोटो. परवानगी काढून, खिशातला फोन काढून नाही.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे 'स्किफ-सर्टिफाइड दरवाजा'. असं काही नसतं हो. सेल्समन सांगतो आणि आपण मान डोलावतो. अक्रेडिटेशन मिळतं ते अख्ख्या जागेला आणि ते देतो अक्रेडिटिंग ऑफिशियल, त्याची सही होईपर्यंत तुम्ही बांधलेली ती फक्त एक महागडी खोली असते. दरवाजाला असतं ते एसटीसी रेटिंग, आवाज किती अडतो त्याचं. एसटीसी ४५ म्हणजे मोठ्याने बोललेलं बाहेर पुसट ऐकू येईल पण शब्द कळणार नाहीत. ५० म्हणजे आत ब्रास बँड वाजला तरी बाहेर जेमतेम, लाउडस्पीकर किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सवाल्या खोलीला हे लागतं. आणि ५० ची भिंत घेऊन ती फॉल्स सीलिंगपाशी थांबवलीत तर पैसे पाण्यात. 'ट्रू फ्लोअर टू ट्रू सीलिंग' म्हणजे खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत. हे पण सांगावं लागतं.

टेम्पेस्ट म्हणजे वादळ नाही, यंत्रांमधून नकळत बाहेर पडणाऱ्या सिग्नल्सचा विषय आहे. भिंतीत फॉइल लावायचं की नाही ते सीटीटीए, म्हणजे टेम्पेस्टचा अधिकृत तज्ज्ञ, ठरवतो, आपण 'असू दे सेफ साइडला' म्हणून लावायचं नाही.

कार्ड रीडर म्हणजे कुलूप नव्हे.

हवेचा डक्ट ९६ स्क्वेअर इंचांपेक्षा मोठा असेल तर माणूस शिरू नये म्हणून आत सळया, पण एक बाजू ६ इंचांपेक्षा कमी असेल तर नाही. ५ बाय २० च्या डक्टला सळया धरून कोट फुगवलेला मी बघितलाय.

आणि ड्रॉइंगवर ठळक अक्षरात 'स्किफ' लिहू नका, बाबांनो. टेक स्पेकच सांगतं की प्लॅनवर जागा ओळखू येता कामा नये, फार तर अक्रेडिटिंग ऑफिशियलला विचारून 'सिक्युअर एरिया' लिहा. परवाच एकाने मला विचारलं, पुण्यात मित्राचं ड्राफ्टिंगचं ऑफिस आहे, वॉल डिटेल्स रात्री पाठवले तर सकाळी तयार मिळतात, पाठवू का? मी विचारलं, कन्स्ट्रक्शन सिक्युरिटी प्लॅन (बांधकामाची माहिती कशी सांभाळायची त्याचा आराखडा) वाचलास? म्हणाला, ते काय असतं. मग मी त्याला आधी ईमेलचा ड्राफ्ट डिलीट करायला लावला, फोन चालू ठेवूनच.