मुंबईहून गावाला सामान हलवताय? आधी जीएसटी नंबर तपासा

काही पॅकर्स-मूव्हर्सवाले ठरलेल्या भाड्यात सामान भरतात आणि ट्रक महाडच्या पुढे आला की फोन येतो, अजून पैसे टाका नायतर माल उतरणार नाही. रत्नागिरी, कुडाळकडे शिफ्ट होणाऱ्यांनी हे बुकिंगआधीच करा.

१. कोटेशनवरचा १५ अक्षरी जीएसटी नंबर मागा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी साईटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका, लॉगिन लागत नाही, नाव पत्ता आणि नंबर चालू आहे की रद्द झालाय ते लगेच दिसतं.

२. ॲडव्हान्स मागतात ते खातं त्याच नावावर आहे का बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुसऱ्याचा नंबर छापणारे पण असतात. कुणा माणसाच्या पर्सनल खात्यावर टाका म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

३. सामानाची यादी, हमाली, टोल, पावसात ताडपत्री, सगळं एका रकमेत लिहून घ्या, आणि मोठी रक्कम सामान घरात उतरल्यावरच.

गाडी आली की नंबरप्लेटचा फोटो काढाच. गावचा ओळखीचा टेम्पोवाला असेल तर जीएसटी नसेलही, तिथे एमपरिवहन ॲपवर गाडीचा इन्शुरन्स, फिटनेस बघा.

अडवणूक झालीच तर घाबरून पैसे टाकू नका, ११२ ला फोन करा.